डिझेलनं धुऊ नका, आधी चेंबर खोला

प्रश्न थोडक्यात असा आहे. राजेंद्र नगरच्या एका दादांनी दहा चक्का गाडी सेकंडहँड घेतली, इंजिन सहा सिलिंडर कमिन्स ५.९ लिटर, जुन्या मेकॅनिकल पंपाचं. गाडी वर्षभर फायनान्सवाल्यांच्या यार्डात उभी होती. आणल्यावर ऑइलचं झाकण उघडलं तर आत काळा मावा जमलेला, बोट लावलं तर बोटाला चिकटून वर आला. एक मिस्त्री म्हणतो, "भिया, तीन लिटर डीज़ल डालो, दस मिनट चलाओ, सब निकल जाएगा." दुसरा म्हणतो इंजिन संपलंय, फुल काम, म्हणजे अख्खं इंजिन खोलून दुरुस्ती, करून घ्या. दादा विचारतात, कोणाचं ऐकू?

दोघांचंही ऐकू नका. आणि सगळ्यात आधी, गाडी आता स्टार्ट करू नका, "फक्त आवाज ऐकायला दोन मिनिटं" म्हणून पण नाही. मी १९९४ पासून इंदूरला डिझेल इंजिनच खोलतोय, त्यातली बरीच इंजिनं अशीच हयगयीनं बसलेली होती, आणि त्यातली निम्म्याहून जास्त मी बोअर-पिस्टनला हात न लावता परत रोडवर काढलीत. तेव्हा फुल कामाचं नंतर बघू. पण ज्यांची गेली त्यातली बरीचशी गाळानं गेली नाहीत, गाळ घाईघाईनं काढायला गेल्यामुळे गेली.

कसं ते नीट समजून घ्या. ऑइल चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या भांड्यात असतं, तिथे तळाजवळ सक्शनची जाळी असते, जाळीतून पंप ओढतो, मग ऑइल कूलर, मग फिल्टर, मग ब्लॉकमधली मेन गॅलरी (ऑइलची मुख्य वाट), तिथून क्रँकच्या बेअरिंग, कॅम, वर टॅपेट (वॉल्व उघडणारी यंत्रणा) आणि बाहेरून टर्बो (धुराच्या जोरावर फिरून इंजिनात हवा कोंबणारा). म्हणजे फिल्टर पंपाच्या नंतर येतो आणि जाळी पंपाच्या आधी. आता टॅपेट कव्हरखाली, टायमिंग कव्हरमध्ये, ब्लॉकच्या भिंतीवर जो गाळ बसलाय तो जोवर जागेवर आहे तोवर ऑइल त्याच्यावरून वाहत जातं, इंजिन कुरकुरत का होईना चालतं. तुम्ही त्याला डिझेलनं सैल केलंत की तो पापुद्र्यांनी सुटतो, वितळत नाही, हे लक्षात ठेवा, पापुद्रे सुटतात, आणि ते सगळे खाली जाऊन जाळीवर जाऊन बसतात. जाळी बंद झाली की पंप काय ओढणार? फिल्टर तिथे काहीच करू शकत नाही कारण त्याच्यापर्यंत ऑइल पोचतच नाही. वर डिझेलनं ऑइल पातळ झालेलं, बेअरिंग आणि क्रँकच्या मधला थर आधीच फाटलेला. टर्बोचा शाफ्ट तर लोडवर मिनिटाला लाखभर फेरे फिरतो, त्याला दहा-पंधरा सेकंदाचा कोरडेपणा पण पुरे होतो.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाहीये, माझ्या हातून झालंय. काम नवीन शिकलो होतो, उस्तादांनी बजावून ठेवलं होतं की चेंबर न खोलता कधी धुवायचं नाही, पण उस्ताद गावाला गेलेले आणि गाडीवाला घाईत, चोइथराम मंडीतून बटाट्याचा माल भरायचा होता रात्रीच. मी डिझेल टाकलं, दहा मिनिटं चालवलं, काळंभोर पाणी निघालं तेव्हा मला फार भारी वाटलं, नवीन ऑइल-फिल्टर टाकून गाडी दिली. मानपूर यायच्या आतच प्रेशरचा काटा पडला. ड्रायव्हरला वाटलं काटाच खराब असेल, अजून सात-आठ किलोमीटर ओढली त्यानं, आणि मग क्रँक जाम. दुसऱ्या दिवशी रस्त्याच्या कडेला मी चेंबर खोललं तर जाळीवर भाकरीएवढा काळा थर, अगदी थापून बसवल्यासारखा. दोन बिगेंड (कनेक्टिंग रॉडच्या क्रँककडच्या टोकाच्या) बेअरिंग फिरून गेलेल्या, कनेक्टिंग रॉड निळा पडलेला. क्रँक ग्राइंडिंगचे अर्धे पैसे मी भरले, सहा महिन्यांच्या पगारातून. तेव्हापासून जो कोणी "डिझेल मारून घ्या" म्हणतो त्याला मी ही गोष्ट पूर्ण ऐकवतो.

आता हा गाळ बनतो कसा ते सांगतो कारण त्याशिवाय पुढचं काम नीट होणार नाही. एक लिटर डिझेल जळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं, वाफ होऊन सायलेन्सरमधून जातं म्हणून दिसत नाही. त्यातली थोडी वाफ पिस्टनच्या रिंगांच्या बाजूनं खाली उतरते, सोबत काजळी, अर्धवट जळलेलं डिझेल आणि आम्लं. इंजिन गरम असेल आणि ब्रीदर (आतली वाफ बाहेर सोडणारी वाट) मोकळा असेल तर वाफ निघून जाते. थंड असेल तर ती टॅपेट कव्हरला, चेंबरच्या भिंतीला दव पडल्यासारखी धरते. ऑइलमध्ये कंपनीनं दोन कामाची रसायनं घातलेली असतात, एक आम्ल मारणारं आणि दुसरं काजळीचे कण सुटे सुटे धरून ठेवणारं. ऑइल वेळेवर बदललं नाही की ही दोन्ही संपतात, मग काजळी एकमेकीला चिकटते, पाणी आणि आम्ल त्यात मिसळतं, वर ऑइल स्वतः गरमीनं जून होतं (प्रत्येक १० डिग्री वाढली की जून होण्याचा वेग साधारण दुप्पट धरतात) आणि जिथे जागा थंड आणि वाहणं कमी तिथे हा सगळा मसाला जाऊन बसतो. म्हणून तो टॅपेट कव्हरखाली आणि चेंबरच्या कोपऱ्यात आधी दिसतो. जुन्या गाड्यांनी आणखी एक भोगलंय, पूर्वीच्या बीएस-३ डिझेलमध्ये गंधक ३५० पीपीएमपर्यंत (दहा लाखात ३५० भाग) चालायचं, १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ मध्ये ते १० वर आलंय. गंधक जास्त म्हणजे आम्ल जास्त, त्यामुळे जुना गाळ जास्त कडक आणि चिवट असतो असा माझा अनुभव आहे.

मध्येच एक सांगून टाकतो, डिझेल इंजिनात ऑइल काळं दिसलं म्हणजे गाळ झाला असं नाही. चांगलं ऑइल दोनशे किलोमीटरमध्ये काळं होतं कारण ते काजळी पकडतंय, तेच त्याचं काम. काळं पण बोटावर गुळगुळीत वाहणारं, ते ठीक. चिकट, दाणेदार, ओघळत नाही, ते वाईट.

गाळ कसला आहे हे बघा आधी, मग पाना हातात घ्या. झाकणाखाली पांढरट, ताक घुसळल्यासारखं लोणी दिसलं तर पाणी आहे. थोडंसं फक्त झाकणाला असेल तर थंड चालल्याचं, पण ऑइलची लेव्हल बघायच्या पट्टीवर पण तसंच असेल तर कूलंट आत जातंय. काळा मावा, जसा तुमचा आहे, तो काजळी आणि जुन्या ऑइलचा. आणि काळा, भयंकर चिकट, डांबरासारखा, बोटावरून साबणानंही न जाणारा आणि रेडिएटरचं पाणी मात्र गुपचूप कमी होतंय, तर कूलंटमधलं ग्लायकॉल ऑइलमध्ये गेलंय असा संशय घ्या. ग्लायकॉल काजळीला इतकं घट्ट करतं की महिन्या-दोन महिन्यात धडधाकट इंजिनाचा चेंबर भरतो. घरगुती तपास सोपा आहे. जुना तवा चांगला तापवा, त्यावर ऑइलचे दोन थेंब टाका, तडतडलं तर पाणी आहे, नुसता धूर आला तर नाही. तोंड लांब ठेवून करा, आणि तो तवा परत स्वयंपाकघरात नेऊ नका. पट्टीचा वास घ्या, डिझेलचा उग्र वास असेल आणि लेव्हल वरच्या खुणेच्याही वर असेल तर डिझेल उतरतंय. ज्यांना जमेल त्यांनी ऑइलचा नमुना लॅबला द्यावा, त्यात काजळी, डिझेलचं प्रमाण, कूलंट आणि कोणती धातू किती झिजतेय हे सगळं कळतं, फुल कामाच्या खर्चापुढे त्या तपासणीचे पैसे काहीच नाहीत.

तुमच्या इंजिनात बोअर, म्हणजे पिस्टन फिरतो ती नळी, ब्लॉकमध्येच असतो, वेट लायनर (पाण्यात बसणारी वेगळी नळी) नाही, त्यामुळे लायनरच्या रबरी रिंगा फाटून पाणी आलं असं होत नाही. पाणी सापडलंच तर आधी ऑइल कूलरची कोर, मग हेड गॅस्केट, याच क्रमानं बघा. कूलर फिल्टरच्या मागेच असतो, खोलायला सोपा.

आता काम. नेहमी आपण गरम करून ऑइल काढतो, इथे तसं करायचं नाही, थंडच काढा आणि रात्रभर निथळू द्या. थंडीचे दिवस असतील तर गाडी सकाळपासून उन्हात उभी करून दुपारी प्लग खोला, तेवढ्यानं पण फरक पडतो. प्लग खोलल्यावर काहीच आलं नाही तर घाबरू नका, तोंडाशी गाळ अडकलाय, एक गोल टोकाची तार हळू फिरवा. चाकांना मागे-पुढे गुटके लावा, जॅकवर भरवसा ठेवून खाली कधी जाऊ नका, घोड्या (गाडी तोलून धरणारे स्टँड) लावा. हातमोजे घाला, जुनं ऑइल रोज कातडीला लागणं चांगलं नाही, आमच्या पिढीनं ते ऐकलं नाही आणि बोटं अजून भोगतायत.

चेंबर उतरवायला काही गाड्यांमध्ये पुढचा एक्सल आणि क्रॉस मेंबर आड येतो, माउंटिंग ढिलं करून इंजिन थोडं उचलावं लागतं. त्रास आहे, अर्धा दिवस जातो, आणि याच अर्ध्या दिवसाच्या कंटाळ्यानं लोक डिझेलचा रस्ता धरतात. करा तो त्रास. चेंबर हातात आलं की लगेच धुऊ नका! आधी बघा. तळाच्या गाळात बोटं फिरवा, चुंबक फिरवा. लोखंडाची बारीक भुकटी चुंबकावर मिशीसारखी थोडी आली तर इतक्या चाललेल्या इंजिनात चालेल. कण, तुकडे, पिवळसर-तांबूस चमक असेल तर बेअरिंग बोलतायत. जाळी उतरवा, उजेडासमोर धरा. किती भोकं बंद आहेत ते बघा आणि फोटो काढून ठेवा. जाळी, तिची नळी आणि चेंबर हे डिझेल-केरोसीनमध्ये भिजवून खुशाल घासा, बाहेर काढलेल्या भागाला डिझेलची मनाई नाही, माझी मनाई चालत्या इंजिनात ओतायला आहे. नळीच्या आत पण वायरचा ब्रश फिरवा, आणि जोडताना तिचं गॅस्केट नवीन टाका कारण तिथून हवा ओढली तर प्रेशर कधीच नीट येणार नाही, आणि तुम्ही पंपाला दोष देत बसाल.

जुना फिल्टर फेकू नका, पत्र्याच्या कातरीनं किंवा पाइप कटरनं कापा (हॅक्सॉनं नको, त्याचाच भुगा आत पडतो), कागद बाहेर काढून दाबून पिळा आणि उन्हात उघडून बघा. फिल्टरचा कागद म्हणजे इंजिनाची डायरी असते. पूर्ण चोंदला असेल तर समजून घ्या की बायपास वॉल्व उघडून बिनगाळलेलं ऑइल बेअरिंगला जात होतं, किती दिवस ते कोणी सांगू शकणार नाही.

मग चेंबर खाली आहेच तर एक बिगेंड आणि एक मेन (क्रँकला ब्लॉकमध्ये धरणारी) कॅप खोलून बेअरिंग बघून घ्या. पंपापासून लांबची घ्या, मागची, ऑइलची उपासमार तिथे आधी दिसते. कॅपवरचे नंबर आणि बाजू जुळवूनच परत बसवायची, एकाची कॅप दुसऱ्याला चालत नाही, आणि टॉर्क पुस्तकातला, अंदाजानं नाही. बेअरिंग राखाडी, मऊ, थोडे ओरखडे, तर ठीक. मधोमध तांबं उघडं पडलं असेल तर सगळ्या बेअरिंग बदला, पण क्रँक काढायची गरज लगेच नसते. जर्नलवर, म्हणजे क्रँकच्या बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या भागावर, नख फिरवा, नख अडकलं तर मात्र क्रँक खरादवाल्याकडे जाणार. वर्षभर उभ्या गाडीत अजून एक होतं, ऑइलमधल्या पाण्या-आम्लानं बेअरिंगवर बारीक खड्डे पडतात, देवीचे व्रण असल्यासारखे. ते दिसले तर बदलाच.

वरची बाजू. सहाही टॅपेट कव्हर वेगळी आहेत, एक एक उघडा. इथे सगळ्यात मोठी चूक होते ती सांगतो. पोरं उत्साहानं पट्टीनं खरवडायला लागतात आणि सगळा मावा ऑइल परत जायच्या भोकांतून खाली ढकलतात. आधी ती भोकं कपड्याचे बोळे लावून बंद करा, बोळे मोजून लावा आणि मोजून काढा. कपडा जुन्या धोतराचा-चादरीचा सुती असेल तर उत्तम, कॉटन वेस्ट अजिबात नाही, त्याचे धागे जाळीवर जाऊन बसतात आणि तुम्ही एक जाळीचं भूत काढून दुसरं घालता. लाकडाची किंवा प्लास्टिकची पट्टी, चमचा, आणि जमलं तर वर्कशॉपचा व्हॅक्यूम. गाळ वर उचलून डब्यात. जो हातानं निघतो तो काढा. पुशरॉडच्या बाजूला, स्प्रिंगच्या मुळाशी जो कडक पिवळा-तपकिरी थर असतो, वार्निशसारखा, त्याला सोडून द्या. तो कोणाचं काही बिघडवत नाही, त्याला खरवडायला जाल तर त्याची कपची जिथे नको तिथे जाईल. ब्लॉकच्या आतल्या भिंतीचं पण तेच, खालून जेवढं पट्टीनं निघेल तेवढं, बाकीचं ऑइल काढेल हळूहळू.

ब्रीदर पूर्ण उतरवून धुवा, नळीसकट. या इंजिनांमध्ये मी ब्रीदरच्या नळीत मातीची घरटी बघितलीत, गांधीलमाशीनं केलेली, यार्डात उभ्या गाडीत तर हमखास. माळव्याची काळी माती आणि ऑइल यांचा जो गारा होतो तो वाळला की विटेसारखा. ब्रीदर बंद म्हणजे वाफ आत कोंडली, गाळ बनणं चालूच, आणि वर सील फोडून ऑइल बाहेर.

ऑइल कूलर खोला, कोर भिजवून उलट्या बाजूनं हवा मारा. गाळात ग्लायकॉल निघालं असेल तर कोर धुऊ नका, नवीनच टाका. कूलरच्या हाउसिंगमध्ये प्रेशरचा वॉल्व असतो, तो काढून बघा, गाळानं अर्धा उघडा अडकलेला असला की प्रेशर कमी दाखवतो आणि लोक विनाकारण बेअरिंग बदलतात. टर्बोला ऑइल नेणारी नळी आणि खाली परत आणणारी जाड नळी, दोन्ही काढून आरपार उजेड दिसतोय का बघा, परतीची नळी जळलेल्या ऑइलनं अर्धी बुजलेली असते.

परत जोडताना ऑइल कोणतं? १५डब्ल्यू-४०, एपीआय सीआय-४ किंवा त्याच्या वरचं, चांगल्या कंपनीचं, सील बघून. साधारण १५-१६ लिटर जाईल, पट्टीवर बघत बघत टाका. सुट्टं, पिंपातलं, "वही माल है" म्हणून मिळणारं ऑइल नको, त्यात जुनं गाळून रंगवलेलं असतं, गाळ तिथूनच सुरू होतो. सिंथेटिक आत्ता टाकू नका कारण ते तुम्ही लगेच काढणार आहात, पैसे वाया.

ऑइल टाकल्यावर सरळ सेल्फ मारून स्टार्ट करायचं नाही. टर्बोला ऑइल येतं त्या वरच्या तोंडात थोडं ऑइल ओता, डिझेल बंद करायची वायर ओढून ठेवा आणि दहा-पंधरा सेकंद सेल्फ मारा, दोन मिनिटं थांबा, परत मारा, काटा हलेपर्यंत. डॅशबोर्डच्या काट्यावर विश्वास नको, सेन्सरची वाट पण गाळानं बुजते, कधी खोटं कमी तर कधी अडकून खोटं जास्त दाखवतो. मेकॅनिकल गेज ब्लॉकला लावून बघा. इंजिन पूर्ण गरम झाल्यावर, म्हणजे वीसेक किलोमीटर चालवून आल्यावर, आयडलला कमीत कमी १० पीएसआय आणि पूर्ण रेसवर कमीत कमी ३० पीएसआय, हे या इंजिनाचे खालचे आकडे आहेत. थंडीत ६० दाखवतंय म्हणून खूश होऊ नका, गरमचा आकडाच खरा.

आता इथून पुढे घाई नाही. पहिलं ऑइल शंभर-दीडशे किलोमीटर, रिकाम्या गाडीनं, इंदूर-देवास-इंदूर असे दोन फेरे मारले तरी पुरे, आणि काढून टाका, फिल्टर सकट. वाईट वाटतं, एवढं स्वच्छ ऑइल फेकतोय असं वाटतं, पण बाहेर पडताना बघा त्याचा रंग. दुसरं हजारभर किलोमीटर, अर्ध्या लोडनं. तिसरं तीन हजार. प्रत्येक वेळी फिल्टर कापा. पहिल्यात मावा येईल, दुसऱ्यात दाणे, तिसऱ्यात नुसती काजळी आली तर मग पाच हजारावर जा, आणि सहा महिन्यांनी हिंमत करून परत एकदा चेंबर उतरवून जाळी बघा. मी बघतोच. एका गाडीत दुसऱ्यांदा पण जाळी एक तृतीयांश बुजलेली निघाली होती, काटा मात्र अजून ठीक होता, अजून महिनाभर चालली असती तर काय झालं असतं ते मला माहितीये. या सगळ्या काळात ड्रायव्हरला एकच हुकूम, काटा नेहमीपेक्षा खाली गेला की जिथे आहे तिथे इंजिन बंद, घाटात असो की टोलवर. इंदूरहून खाली उतरताना गणपती घाट, पुढे बिजासन, अशा ठिकाणी पहिल्या दोन हजार किलोमीटरमध्ये भरलेली गाडी नेऊच नका.

डब्यातलं "इंजिन फ्लश" टाकू का, हे पण विचारलंय. ज्या इंजिनाचं ऑइल वेळेवर बदललं गेलंय त्यात टाकलं तर बिघडत नाही, पण त्याला गरज नसते. ज्याला गरज आहे असं वाटतं, म्हणजे तुमच्यासारख्या, त्यात मी टाकत नाही. ते पण शेवटी पातळ करणारंच द्रव्य आहे, दहा मिनिटात काम करायला बनवलेलं, आणि मला दहा मिनिटात सुटलेला गाळ नकोय. चांगल्या ऑइलमधलं डिटर्जंट तेच काम दोन-तीन हजार किलोमीटरमध्ये करतं आणि कण इतके बारीक करतं की फिल्टरला पेलवतात.

कारण शोधल्याशिवाय एवढं सगळं करून उपयोग नाही, वर्षात परत तिथेच याल. माझ्याकडे आलेल्या गाळाच्या गाड्यांमध्ये सगळ्यात जास्त वेळा सापडलेली गोष्ट म्हणजे थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत रेडिएटरचं पाणी अडवणारा वॉल्व) काढून टाकलेला. "गरमी का झंझट ही खत्म" म्हणून कोणी तरी तो काढून फेकतो आणि इंजिन जन्मभर कोमट चालतं. तो ८० डिग्रीच्या पुढे उघडतो ते कारणाशिवाय नाही, तेवढ्या गरमीशिवाय ऑइलमधलं पाणी उडतच नाही. डिसेंबर-जानेवारीत माळव्यातल्या रात्री रिकामी गाडी चालवा, काटा अर्ध्यावर पण येत नाही. थर्मोस्टॅट आहे का ते हाउसिंग उघडून डोळ्यांनी बघा, नसेल तर टाका, आणि मग गाडी तापली तर रेडिएटर साफ करा, तो खरा रोग.

दुसरं, डिझेल उतरणं. नोझल गळत असतील तर टेस्टिंग बेंचवर लावून घ्या. नोझल ठीक आणि लेव्हल तरी वाढतेय तर टाकीतून डिझेल ओढणारा फीड पंप बघा, त्याच्या आतून डिझेल सरळ चेंबरमध्ये जातं, डिझेल पंपाच्या शाफ्टच्या सीलमधून पण जातं. हे बरेच जण विसरतात आणि बिचाऱ्या रिंगांवर आरोप येतो. तिसरं, मंडीत चार-चार तास इंजिन चालू ठेवून उभं राहणं, केबिनमधला पंखा आणि गाणी चालू राहावीत म्हणून, त्यात किलोमीटर वाढत नाहीत पण ऑइल संपतं. अशा गाडीचं ऑइल किलोमीटरवर नाही, महिन्यांवर आणि तासांवर बदलायला पाहिजे. एअर क्लिनरची रबरी नळी फाटलेली नाही ना तेही बघून घ्या.

फुल काम कधी? बेअरिंग बदलून, वॉल्व साफ करूनही गरम आयडलला १० पीएसआय येत नसेल, खालून ठोका येत असेल, किंवा ऑइलचं झाकण उघडल्यावर इंजिन इतकं बॅक (रिंगांच्या बाजूनं खाली येणारा वायू) मारतंय की झाकण उडतंय आणि निळा धूर ब्रीदरमधून सतत, तर हाफ नाही तर फुल. बॅक मात्र या साफसफाईच्या आधी मोजून निर्णय घेऊ नका. गाळानं चिकटलेल्या रिंगा बऱ्याचदा तिसऱ्या ऑइलनंतर सुटतात आणि बॅक निम्मं होतं. म्हणून त्या दुसऱ्या मिस्त्रींना मी चूक म्हणत नाही, ते फक्त लवकर बोलले.

आणि हे तीन वेळा निघालेलं चाळीस-पन्नास लिटर काळं ऑइल, डबे भरून ठेवा आणि परवाना असलेल्या गोळा करणाऱ्यालाच द्या. कायद्यानं हा घातक कचरा आहे, २०१६ चे नियम आहेत त्यासाठी. आमच्याकडे पूर्वी सर्रास नाल्यात सोडायचे, नाला कान्ह नदीत, आणि कान्ह पुढे क्षिप्रेला. गाळ खरवडलेला लाकडाच्या भुशात घोळवून त्याच डब्यात.

तर दादा, या आठवड्यात एवढंच करा. ऑइल निथळू द्या, चेंबर आणि जाळी उतरवा, फिल्टर कापा, मागची एक मेन आणि एक बिगेंड खोला. जाळी, फिल्टर आणि दोन्ही बेअरिंगचे फोटो उजेडात काढून पाठवा, बेअरिंग पुसून घेऊन, जाळी मात्र न धुता. त्या फोटोंवर सांगतो बेअरिंग मागवायच्या की नाही, तोवर पुढचं काही विकत घेऊ नका.